'ब्रेव्हली' म्हणजे नेमकं कसं?

मध्यंतरी आमच्या टीमकडे एका मोबाइल गेमच्या मराठीकरणाचं काम आलं होतं. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी ओळ, उजवीकडे मराठी ओळ, अशी एक लांबलचक शीट. माझं काम फक्त ती शीट कोडमध्ये बसवायचं होतं. भाषांतर करणारी मंडळी वेगळी होती. एक ओळ होती, 'यू फॉट ब्रेव्हली!' खेळणाऱ्याचे सगळे जीव संपले की ती स्क्रीनवर यायची. उजवीकडे भाषांतर होतं, 'तुम्ही शौर्याने लढलात!' टेस्टिंग करणारा आमचा कोल्हापूरचा मित्र पहिल्यांदा हरला, स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे काय रे, माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय का?"

त्याचं बरोबर होतं. इंग्रजीतली ओळ पाठीवर थाप मारल्यासारखी आहे आणि मराठीतली हार घातलेल्या फोटोसारखी. शब्दकोशात बघितलं तर भाषांतरात काहीच चूक नाही. मग घोळ कुठे आहे? शेवटी शीटमध्ये 'मस्त लढलात!' असं काहीतरी गेलं आणि गेम रिलीज झाला. पण तो रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. एका साध्या क्रियाविशेषणाच्या मागे मी काही महिने लागलो, आणि ते मला घेऊन गेलं मुळशीला. म्हणजे माझ्याच तालुक्यात.

आधी शब्दाबद्दल. 'ब्रेव्ह' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियन 'ब्राव्हो'वरून. आपण गाण्याच्या कार्यक्रमात ओरडतो तोच 'ब्राव्हो'. त्याच्याही मागे गेलं तर बहुतेक अभ्यासक लॅटिन 'बार्बरस'पर्यंत पोचतात, म्हणजे रानटी, बाहेरचा. रानटीपासून शूर आणि शूरापासून शाबास, असा तो प्रवास. शेक्सपिअरच्या काळात 'ब्रेव्ह'चा आणखी एक अर्थ जोरात होता, झकास, देखणा, नटलेला. 'टेम्पेस्ट' नाटकातली मिरांडा नव्या जगाला 'ब्रेव्ह' म्हणते तेव्हा तिला ते जग शूर वाटत नसतं, देखणं वाटत असतं. तेव्हा एखादा माणूस 'ब्रेव्हली' कपडे घालू शकत होता. म्हणजे थाटात.

तो अर्थ आता मेला आहे, पण माझ्या मते त्याचं भूत त्या शब्दात अजून फिरतं. 'ब्रेव्हली' म्हणताना कोणीतरी बघत असतं. लढणारा लढत असतो आणि बाजूला उभं राहून कोणीतरी 'ब्राव्हो' म्हणत असतं. म्हणून ते हरलेल्याला सहज देता येतं. जिंकणाऱ्याला त्याची फारशी गरज पडत नाही, त्याच्याकडे जिंकणं असतं. कॅन्सरने गेलेल्या माणसाबद्दल इंग्रजी निधनवार्तेत हमखास 'ब्रेव्हली' येतं. आपल्याकडे त्याच जागी 'झुंज अपयशी ठरली' येतं, जे मला नेहमी जरा क्रूर वाटतं. आजारी माणसाला पराभूत ठरवून पाठवायचं म्हणजे.

आणि 'ती ब्रेव्हली हसली' याचं काय करायचं? 'ती शौर्याने हसली' असं लिहिणाऱ्याला मराठीच्या मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. मराठीत ती 'उसनं अवसान आणून' हसते. अवसान उसनं आणलेलं आहे, म्हणजे परत करावं लागणार, हेसुद्धा त्या शब्दांत आहे. इंग्रजी क्रियाविशेषण तिचा चेहरा बघतं. मराठी वाक्प्रचार तिचा हिशोब बघतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत आपण क्रियाविशेषण शिकलो ते इंग्रजीच्या साच्यातून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं आणि त्यांनी शब्दांच्या जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर लावल्या. त्यात वाईट काही नाही, चांगलं फ्रेमवर्क हाताशी असेल तर सगळेच वापरतात. पण 'रीतिवाचक क्रियाविशेषण' म्हटलं की इंग्रजीत विशेषणाला 'ली' चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं सोपं आपल्याकडे नाही. आपण बहुतेक वेळा नाम घेतो आणि त्याला तृतीयेचा 'ने' लावतो. सुरीने कांदा चिरला. पीएमपीने आलो. धैर्याने बोललो. तिन्ही वाक्यांत 'ने' एकच आहे. सुरी हे साधन, बस हे साधन, धैर्य हेही साधन. इंग्रजीतलं 'ली' मुळात 'देह' या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलं, म्हणजे 'तशा रूपाचं'. इंग्रजीत माणूस शूर दिसत लढतो. मराठीत तो धैर्य हातात घेऊन लढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर धैर्य इथे फंक्शनला बाहेरून पास करावं लागतं, आधी कुठून तरी आणावं लागतं.

आता मराठीतले शब्द बघा. आपल्या धाडसाचं सामान सगळ्या दिशांनी आलेलं आहे. शौर्य आणि धैर्य संस्कृत. हिंमत अरबी. जिगर फारसी, आणि जिगर म्हणजे मुळात यकृत, जसं इंग्रजी 'करेज'च्या आत फ्रेंच हृदय आहे. आपली देशी जागा छाती. बहादुरी मध्य आशियातून फारसीच्या वाटेने आली. 'धीट' हा संस्कृत 'धृष्ट'चा मुलगा, आणि बापाचा उद्धटपणा त्याच्यात थोडा उतरला आहे. 'पोरगी फार धीट आहे' हे आजी कधी कौतुकाने म्हणते आणि कधी तक्रारीने, ते तिच्या भुवयांवरून ओळखायचं. मर्दुमकीत तर मर्दच बसला आहे. बाईने पराक्रम केला की तिला 'मर्दानी' म्हणायची सोय भाषेने करून ठेवली आहे, आणि नाहीच जमलं तर वर्तमानपत्रं 'रणरागिणी' म्हणून मोकळी होतात, मग ती बिचारी पाण्याच्या टँकरसाठी हंडा घेऊन उभी का असेना. 'बिनदिक्कत' आणि 'बेधडक' यांच्यात कौतुक आणि ठपका दोन्ही. 'बिनधास्त' तर आता टी-शर्टवर आहे.

पण मला सगळ्यात आवडलेले दोन शब्द वेगळे आहेत. 'शर्थीने' आणि 'प्राणपणाने'.

शर्थ म्हणजे अरबी 'शर्त'. अट, पैज. शर्यतही त्याच घरची. आणि 'प्राणपणाने'मधला 'पण' म्हणजे जुगारात लावलेला डाव, पणाला लावलेली वस्तू. म्हणजे शर्थीने लढला काय आणि प्राणपणाने लढला काय, दोन्हीकडे वाक्य एकच माहिती देतं, त्याने काहीतरी डावावर लावलं होतं. तो कसा दिसत होता याबद्दल हे शब्द बोलत नाहीत. मागे काय ठेवून तो तिथे आला होता, हरला तर काय जाणार होतं, एवढंच सांगतात. जुन्या बखरींची भाषा वाचताना हे सारखं जाणवतं. तिथे क्रियाविशेषणं कमी आणि क्रियापदं जास्त. तलवारीची शर्थ केली. शिकस्त केली. कामी आले. हटले नाहीत. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू घोडखिंडीत पडले तर लोकांनी त्या वाक्याला क्रियाविशेषण जोडलं नाही, खिंडीचंच नाव बदललं, पावनखिंड.

बघणाऱ्याचं काय होतं, तेही बघू. 29 जानेवारी 1856 ला ब्रिटिशांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक सुरू केलं. पदकावर 'शूरांसाठी' अशा अर्थाचे शब्द घालायचे ठरत होते. राणी व्हिक्टोरियाने ते बदलून 'शौर्यासाठी' करायला लावले. कारण असं सांगतात की 'शूरांसाठी' म्हटलं तर ज्यांना पदक नाही ते शूर नाहीत असा अर्थ निघेल. भाषेच्या बाबतीत राणीचा हात चांगलाच पक्का होता, मानलं पाहिजे. पण तिने शब्द दुरुस्त केला तरी यंत्रणा तीच राहिली. पदकासाठी पराक्रम वरिष्ठाच्या डोळ्यांसमोर घडायला हवा, किंवा साक्षीपुराव्याने सिद्ध व्हायला हवा. कोणी पाहिलंच नाही तर 'गॅलन्टली' नाही. आणि पाहिलं तरी, बघणारा तुम्हाला मोजतो का हा प्रश्न होताच. हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोय झाली 1911 साली, म्हणजे पदक निघाल्यानंतर 55 वर्षांनी. तोवर त्यांच्यासाठी वेगळं पदक, 'ऑर्डर ऑफ मेरिट'.

ती सोय झाल्यावर ज्या मराठी माणसांना हा क्रॉस मिळाला त्यांत माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे होते. 10 जुलै 1944, इटली, मराठा लाइट इन्फंट्री. त्यांच्या तुकडीतली बाकीची सगळी माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, तो मोर्चा त्यांनी मोडला आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. पदक त्यांच्या हातात पडलं नाही. इथे 'ब्रेव्हली' हा शब्द खोटा आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो तोकडा आहे. कोकणातल्या एका गावचा तरुण इटलीतल्या डोंगरात, दुसऱ्याच्या साम्राज्याच्या सैन्यात, काय पणाला लावून उभा होता, हे त्या शब्दात मावत नाही.

आता मुळशी.

मी सूसला राहतो. सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेलं, पण तालुका अजून मुळशीच. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना हे सातबारा किंवा आधारकार्ड बघितल्यावरच कळतं. बाकी आमच्यासाठी मुळशी म्हणजे पावसाळ्यातला रविवार. पिरंगुट, पौड करत जायचं, धरणाच्या काठावर कणीस आणि भजी खायची, ताम्हिणीत रील काढायची आणि ट्रॅफिकमध्ये अडकत परत यायचं. किंवा मग प्रवीण तरडेंचा 2018 चा 'मुळशी पॅटर्न', जमिनी विकल्यावर पोरांचं काय झालं त्याची गोष्ट. त्या सिनेमातल्या गोष्टीच्या शंभर वर्षं आधी याच तालुक्यात जमीन विकायची नाही म्हणून माणसं बसली होती, हे मला इंजिनिअरिंग होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आज ज्याला आपण मुळशीचा तलाव म्हणतो ते टाटा पॉवर कंपनीचं धरण आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेलं. पाणी अडवायचं, ते बोगद्यातून पश्चिमेला न्यायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज करायची. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी. लोणावळ्याच्या परिसरात अशा योजना टाटांनी याआधी हाती घेतल्या होत्या. इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना अजून सुंदर वाटते. कोळसा न जाळता, पावसाच्या आणि उंचीच्या जोरावर वीज. त्या काळात हे करायला डोकं लागतं आणि पैसाही. पण त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती, आणि भातखाचरं, आणि हे त्या गावांना कोणी नीट विचारलं नव्हतं.

कंपनीची माणसं आली आणि चर खणायला लागली. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी या लढ्याबद्दल लिहिलंय, त्यात एक प्रसंग येतो. ज्याच्या शेतात चर खणला त्या शेतकऱ्याने हरकत घेतली, तर कंपनीच्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. या शेतकऱ्याच्या वाट्याला कुठलंच क्रियाविशेषण आलं नाही. त्याने हरकत घेतली, बस.

16 एप्रिल 1921, रामनवमी. बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मजुरांना काम करता येईना, काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरून लोकांना उभं करत होते, पुण्याहून पुढारी येत होते. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून टाटांना सुचवलं की कायद्याच्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा लोकांशी बोला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'.

ही घोषणा नीट बघा. त्यात विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही, क्रियापदसुद्धा नाही. दोन नामं आणि मध्ये एक 'किंवा'. ही सरळ पैज आहे. डावावर काय आहे ते दोन शब्दांत मांडलं आणि विषय संपला. प्राणपणाने लढणं म्हणजे काय याची याहून छोटी व्याख्या मला सापडलेली नाही.

'मावळे' हा शब्दही मुद्दाम आलेला आहे. मावळात राहतो तो मावळा, हा साधा भौगोलिक अर्थ. पण 1921 साली पुण्यात 'मावळा' म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे भाताची लावणी करणारा कुळवाडी येत नसे, तानाजीच्या मागे दोर धरून चढणारा गडी येई. लढ्याच्या बाजूच्या लोकांनी या अर्थाचा पुरेपूर वापर केला. आणि जो माणूस या लढ्यात मुख्य झाला त्याला लोकांनी पदवी दिली 'सेनापती'. पांडुरंग महादेव बापट, जन्म 12 नोव्हेंबर 1880, पारनेर. 'सेनापती बापट' हे नाव मुळशीचं आहे. एका नि:शस्त्र धरण्याला सेनापती! मराठीकडे धैर्यासाठी जे शब्द तयार होते ते सगळे रणांगणाचे होते. नुसतं बसून राहण्याच्या धैर्यासाठी शब्दच नव्हता. म्हणून जुनेच शब्द उसने घेतले आणि जमिनीवर बसवले.

बापटांबद्दल एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. ते शिष्यवृत्ती घेऊन 1904 मध्ये इंग्लंडला गेले आणि एडिंबरामध्ये इंजिनिअरिंग शिकत होते. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची कृती मिळवली आणि ती हिंदुस्थानात आणली. नंतर हाच माणूस हातात झाडू घेऊन रस्ते साफ करायचा. एका आयुष्यात बॉम्ब, झाडू आणि धरणं. कुठल्याही एका क्रियाविशेषणात तो बसत नाही, हे मी कौतुक म्हणून सांगतोय.

आता लढ्यातला अवघड भाग. काही महिने थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं. सरकारने कायदा वापरून जमिनी संपादन करायचं ठरवलं, मोबदला देऊन. आणि इथे लढा फुटला. कारण जमीन कसणारे एक आणि कागदावर मालक असणारे दुसरे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला चालणार होता, काहींना तर हवाच होता. कुळांच्या हातात मात्र त्या मोबदल्यातलं फारसं काही येणार नव्हतं आणि जमीन पूर्ण जाणार होती.

'शर्थीने' आणि 'ब्रेव्हली' यांतला फरक मला खरा कळला तो इथे. पुण्यात सभा झाल्या, भाषणं झाली, अग्रलेख झाले, आणि त्यात कोणी भित्रं नव्हतं. कित्येक जण तुरुंगात गेले, 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपेसुद्धा मुळशीसाठी शिक्षा भोगून आले. बाहेरून बघणाऱ्याला सगळेच ब्रेव्हली लढत होते. पण पणाला लावलेली वस्तू सगळ्यांची सारखी नव्हती. पुण्याच्या पुढाऱ्याने आपलं स्वातंत्र्य लावलं होतं, आणि ती मोठीच गोष्ट आहे. जमीनदाराने जे लावलं होतं त्याचे पैसे मिळणार होते. कुळाने लावलं होतं ते परत मिळण्यासारखं नव्हतं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिलंय ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं की एकाच मैदानात तीन वेगवेगळ्या पैजा चालू आहेत.

बायकाही या लढ्यात होत्या, पकडल्या गेल्या. त्यांना त्या वेळी रणरागिणी वगैरे म्हटलं असेल तर म्हटलं असेल. घर, चूल, पाणवठा, भाताची बियाणं, शेजारीण, हे सगळं एकदम पाण्याखाली जाणार असताना बाई रस्त्यात बसते, त्याला रण कशाला म्हणायचं? तिने जे लावलं होतं त्याची यादी वाचली तरी पुरे.

हळूहळू सत्याग्रह थंडावला. बांधकाम वर येत गेलं. बापट मात्र थांबले नाहीत. ते 'शुद्ध सत्याग्रह' असं काहीतरी मांडत होते. हेतू शुद्ध असेल आणि शिक्षा भोगायची तयारी असेल तर हिंसेलाही सत्याग्रहात जागा असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींच्या माणसांना हे पटणं शक्य नव्हतं, मलाही पूर्ण पटत नाही. 9 डिसेंबर 1924 ला त्यांनी आणि काही साथीदारांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. रुळांवर दगड टाकले, गोळ्या झाडल्या, माणसं जखमी झाली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

या दिवसाला कोणतं क्रियाविशेषण लावायचं? मी मित्रांना विचारलं. एक म्हणाला 'बेधडक', एक म्हणाला 'वेड्यासारखं', एकीने 'हताशपणे' असं सुचवलं, जे मला सगळ्यात जवळचं वाटलं. 'शौर्याने' कोणीच म्हणालं नाही. जखमी झालेले लोक पगारावर काम करणारे होते, त्यांनी कोणाची जमीन घेतली नव्हती. बघणाऱ्याच्या जागेवरून हा प्रसंग देखणा नाही, 'ब्राव्हो' म्हणावं असं त्यात काही नाही. आणि तरी पणाच्या हिशोबाने तपासलं तर त्या दिवशी बापटांनी 1921 मध्ये बसलेल्या कुळांच्या बरोबरीची पैज लावली होती. लढा संपलेला, सोबत गेलेली, वर्तमानपत्रं थकलेली. मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि घालवण्यासारखी सात वर्षं होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि माझ्याकडे दोन्हींना पुरेल असा एक शब्द नाही.

सैन्याच्या पदकांचं एक बरं असतं, कोणीतरी समिती बसते, कागद बघते आणि शब्द ठरवते. मुळशीच्या बाराशे माणसांसाठी अशी समिती बसली नाही. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. जमीन गेली, माणसं पांगली, कोणी खोऱ्यातच वरच्या अंगाला सरकलं, कोणी लांब गेलं. सेनापती बापटांचं नाव पुण्यातल्या एका रस्त्याला आहे. तिथे आता मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत, आणि आमची पिढी कॅब बुक करताना त्याला 'एसबी रोड' म्हणते. 'सेनापती'चा 'एस' झाला, म्हणजे उसनी घेतलेली पदवीही परत गेली.

धरण 1927 च्या सुमारास पुरं झालं आणि भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. बापट सुटले 1931 मध्ये. तोवर चार वर्षं निळा-मुळेचं पाणी बोगद्यातून कोकणात उतरत होतं आणि मुंबईतल्या गिरण्यांचे माग त्या विजेवर फिरत होते.